गृहमंत्र्यांची तब्येत

परराष्ट्र खात्यात माणूस बोलका असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या दूतावासातल्या राजकीय विभागाचा दुय्यम सचिव या समजुतीला न जुमानता नोकरीत शिरला आणि टिकलाही. मेजवानीत शेजारच्या पाहुण्याचं सगळं बोलणं तो मान हलवत ऐकून घ्यायचा. पाहुणा घरी जाताना म्हणायचा, काय छान गप्पा झाल्या. दूतावासात सगळे त्याला मौनीबुवा म्हणत, अगदी तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. बायकोला मात्र वाटे, कारण घरी बोलण्याचा सगळा भार तिच्यावर पडायचा.

मौनीबुवाचं एक काम असं होतं की दर बुधवारी सकाळी दोन मित्रदेशांच्या अधिकाऱ्यांबरोबर बसायचं आणि तिघंही ज्या देशात नेमलेले होते, तिथल्या सरकारात काय शिजतंय याची देवाणघेवाण करायची. बैठक मोठ्या मित्रदेशाच्या दूतावासात, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत असे. मोबाइल बाहेरच्या लाकडी खणांत ठेवायचे, दार जाडजूड, ते लावल्यावर कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. इतका बंदोबस्त करून आत मिळायची ती थर्मासमधली कोमट कॉफी आणि सादळलेली बिस्किटं.

यजमान होता लंबू. दारातून येताना तो सवयीने वाकायचा, दार उंच असलं तरी. तिसरा बेटवाला, म्हणजे ज्याचा देश बेट होता तो. बेटवाला गोरापान, घाबरट चेहऱ्याचा, पण बातम्या सांगायला लागला की राजवाड्यात पलंगाखाली झोपतो असं वाटावं. दोघांचीही प्रत्येक बातमी 'अगदी आतल्या गोटातून' आलेली असायची. बैठकीचा अलिखित नियम असा, की काही आणाल तर काही मिळेल. मौनीबुवा बहुधा रिकाम्या हाताने जायचा आणि कॉफी पिऊन यायचा.

त्या वर्षी तिन्ही देशांचा मिळून या देशाशी बंदरांच्या सुरक्षेचा मोठा करार व्हायचा होता आणि त्यावर सही व्हायची होती गृहमंत्र्यांची. गृहमंत्री म्हणजे दणदणीत माणूस. संसदेत माइक बंद पडला तरी त्यांचं भाषण अडत नसे. उलट लोकांना माइक बंद पडल्याचं कळतच नसे. आणि असा माणूस एका शनिवारी अचानक दिसेनासा झाला. मंत्रिमंडळाच्या बैठकीला नाही, संसदेत त्यांचं उत्तर उपमंत्र्याने वाचलं, एका पुलाचं उद्घाटन फीत न कापताच राहिलं. सरकार चकार शब्द काढेना. मग बाकीच्यांना तोंड फुटलं.

ते का गायब आहेत हे सगळ्या शहरात मोजक्या माणसांना ठाऊक होतं आणि त्यांतला एक, नशिबाची थट्टा बघा, मौनीबुवा होता.

झालं होतं असं. बायकोची दाढ दुखत होती म्हणून सोमवारी सकाळी तो तिला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. पुढच्या दाराशी फरशीचं काम चालू होतं, म्हणून दोघं मागच्या जिन्याने वर आले आणि चुकीचं दार ढकललं. आत खुर्चीवर गृहमंत्री बसले होते, गळ्याला कागदी लाळेरं, तोंडावर रुमाल. आक्रोड दातांनी फोडायची त्यांना सवय होती. अशाच एका आक्रोडाने वरच्या पुढच्या नकली दातांचा पूल, म्हणजे ब्रिज, मुळासकट उखडून आणला होता. डॉक्टरीणबाई एकदम ओरडल्या. मंत्री उठले, आणि तुम्ही कोण, असं विचारू लागले, पण 'स' आला की शिट्टी वाजायची, 'त' आला की वारा सुटायचा. सगळा देश ज्या आवाजाला टरकून होता त्याची ही दशा बघून मौनीबुवाला हसू आलं नाही, वाईट वाटलं. मंत्र्यांनी त्याचा हात धरला. नवे दात पुढल्या सोमवारी बसणार होते. तोवर हे बाहेर फुटलं तर विरोधी पक्ष आयुष्यभर शिट्ट्या मारील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मौनीबुवाने शब्द दिला. बायकोनेही दिला, आणि तिच्या दृष्टीने ते जास्त अवघड होतं.

बुधवारी तळघरात लंबूने सांगितलं की गृहमंत्री नजरकैदेत आहेत. आतल्या गोटातून पक्की खबर आहे. बेटवाल्याच्या आतल्या गोटात ते विरोधकांशी बोलणी करायला सीमेपलीकडे गेले होते. दोघांत बराच वेळ जुंपली. मग दोघंही मौनीबुवाकडे वळले. मौनीबुवा नेहमीसारखाच गप्प होता; पण आज त्याच्या गप्प बसण्यात काहीतरी आहे असं दोघांनाही वाटलं. लंबूने खोदून विचारलं. बेटवाल्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. खोटं बोलणं मौनीबुवाच्या जिवावर यायचं आणि शब्द मोडणं त्याहून. त्याने मधला रस्ता काढला आणि तिथेच घात झाला.

"तब्येतीचं काहीतरी असावं," तो म्हणाला.

जो माणूस वर्षभर काही बोलला नाही तो हे बोलला. लंबूने पेन खाली ठेवलं. बेटवाल्याचा घोट घशातच राहिला.

त्या दिवसापासून त्या वाक्याला पाय फुटले. लंबूने आपल्या राजधानीला कळवलं की मित्रदेशाच्या भरवशाच्या माहितीनुसार मंत्री आजारी आहेत. बेटवाल्याने 'गंभीर' हा शब्द घातला, कारण साध्या आजाराला कोण विचारतो. लंबूच्या राजदूतांनी बेटवाल्याच्या राजदूतांकडे जेवताना विषय काढला, तेव्हा हृदयाचं नाव निघालं. गोड येईपर्यंत कर्करोगावर एकमत झालं. शुक्रवारी एका मेजवानीत कुणीतरी पुढचा गृहमंत्री कोण यावर पैज लावत होतं.

शनिवारी सकाळी राजदूतबाईंनी मौनीबुवाला बोलावलं. राजदूतबाई करारी होत्या. चष्मा कपाळावर चढवला की समोरच्याने उभं राहावं, असा कचेरीचा अनुभव होता. त्या दिवशी चष्मा कपाळावर होता. दोन्ही मित्रदेशांना गृहमंत्र्यांच्या दुर्धर आजाराची पक्की बातमी आहे, आणि आमच्या राजकीय विभागाला पत्ता नाही, असं कसं, असा त्यांचा सवाल होता. ही बातमी त्यांना कुठून मिळाली, असं मौनीबुवाने चाचरत विचारलं. एका मित्रदेशाच्या अत्यंत मितभाषी आणि विश्वासू सूत्राकडून, बाई म्हणाल्या, आणि असं सूत्र आपल्याकडे का नाही, असं वर विचारलं.

बाईंनी पुढे सांगितलं ते आणखी वाईट होतं. आपल्या राजधानीत करार पुढे ढकलायचं घाटत होतं; मरणाऱ्या मंत्र्याची सही घेऊन काय करायचं, असं तिथे मत पडलं होतं. सोमवार संध्याकाळपर्यंत त्याला खात्री करून सांगायची होती. म्हणजे स्वतःच्याच तोंडून निघालेल्या वाक्याची.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"वर्षातून एकदा बोलता," ती म्हणाली, "तेही असं."

मंत्र्यांना गाठायचं तर फोन करून चालणार नव्हतं. दूतावासातून मंत्रालयात गेलेल्या फोनची चार ठिकाणी नोंद होते. उरला दवाखाना. सोमवारी सकाळी मंत्री दात बसवायला येणार हे ठाऊक होतं. मौनीबुवाने त्याच वेळेला आपलं नाव लावलं, दात दुखतोय असं सांगून. बायको बरोबर गेली. तिचं कारण तिने सांगितलं नाही, पण तो एकटा जाऊन काय बोलणार याची तिला कल्पना होती.

डॉक्टरीणबाई मोठ्या प्रामाणिक. दात दुखतोय म्हटल्यावर त्यांनी बघितलं, आणि खरोखरच एक दाढ पार किडलेली निघाली. मौनीबुवाने हात हलवून नको नको केलं. सगळेच पेशंट तसं करतात म्हणून बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. सुई टोचली, दाढ उपटली, बोळा कोंबला आणि त्याला आतल्या खोलीत बसवून त्या पलीकडे मंत्र्यांचे दात आणायला गेल्या. त्या आतल्या खोलीत मंत्री बसलेच होते.

पण हे ते मंत्री नव्हते. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. मौनीबुवाला बघताच ते धडपडत उठले आणि दार लावून घेतलं. आठवडाभरात जे झालं ते त्यांनी शिट्ट्यांमधून सांगितलं. त्यांच्या खात्याचे कान तळघरापर्यंत पोचत होते. बुधवारची बैठक त्यांना गुरुवारी कळायची. आणि या खेपेला त्यांच्याच माणसांनी हळव्या चेहऱ्याने येऊन सांगितलं होतं, की तीन मित्रदेशांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिलाय, साहेबांना दुर्धर आजार आहे. मंत्र्यांनी घरच्या डॉक्टरला विचारलं. तो काही नाही म्हणाला. मुलाला विचारलं, तो रडायला लागला, कारण त्यालाही कुठूनतरी कळलं होतं. म्हणजे सगळ्यांनी मिळून आपल्यापासून लपवलंय अशी त्यांची खात्री पटली. काल त्यांनी मृत्युपत्र केलं होतं. दुरावलेल्या धाकट्या भावाला फोन करून माफी मागितली होती.

"तुम्ही परके आहात, तुम्ही लपवणार नाही," ते म्हणाले. "खरं सांगा. मला काय झालंय?"

मौनीबुवाचा अर्धा चेहरा बधिर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भडाभडा बोलायचं होतं, आणि जीभ लाकडाची झाली होती.

"फक्क गाग," तो म्हणाला. "गाग. फक्क गाग."

मंत्र्यांना त्यातला 'दात' कळेना. मग मौनीबुवाने कळकळीने स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं, दोनदा.

मंत्री पांढरेफटक पडले. "तोंडाचा?" त्यांनी विचारलं आणि खुर्चीत बसले.

मौनीबुवाने जोरजोरात नाही नाही अशी मान हलवली. बोळ्यातून रक्ताचा ओघळ हनुवटीवर आला. ते बघून मंत्र्यांनी डोळे मिटले.

एवढ्यात दाराबाहेरून मंत्र्यांचं बोलणं ऐकलेली बायको आत आली. इथली भाषा मौनीबुवा वर्गात शिकला होता आणि ती बाजारात, त्यामुळे तिची पटकन समजायची. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा मंत्र्यांकडे, आणि काय गोंधळ झाला असेल ते ओळखलं.

"साहेब, तुम्हाला काहीएक झालेलं नाही," ती म्हणाली. "तुमचे दात पडलेत, बस. बैठकीत यांना खोदखोदून विचारलं. शब्द मोडायचा नाही म्हणून हे 'तब्येतीचं असावं' एवढंच म्हणाले. पुढचं सगळं लोकांनी रचलं. तीन देश नाहीत ते. हा एकटाच माणूस आहे."

मंत्र्यांनी मौनीबुवाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मंत्र्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून बायकोने पाणी पुढे केलं, पण ते हसत होते; प्रत्येक हसण्याला शिट्टी वाजत होती, आणि ती ऐकून त्यांना आणखीच हसू येत होतं. डॉक्टरीणबाई दात घेऊन आल्या तेव्हा मंत्र्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मौनीबुवा बोळा दाताखाली धरून, दुखऱ्या जबड्याने जमेल तितका हसत होता.

दात बसले. मंत्र्यांनी आरशात बघून सगळी मुळाक्षरं म्हणून पाहिली. 'स'वर ते जरा रेंगाळले. मग त्यांनी सांगितलं की उद्या संसदेत स्वतः बोलणार. तोपर्यंत शब्द पाळावा. भावाशी केलेला फोन मात्र ते मागे घेणार नव्हते. भाऊ रविवारी जेवायला येणार होता.

संध्याकाळी मौनीबुवा राजदूतबाईंपुढे उभा राहिला. गाल लिंबाएवढा सुजला होता. मंत्री ठणठणीत आहेत, उद्या संसदेत बोलतील, करार ठरल्या दिवशीच व्हावा, असं त्याने कसंबसं सांगितलं.

"कशावरून?"

"मी त्यांना पाहिलं."

"कुठे?"

"तेवढं विचारू नका, बाई. शब्द दिलाय."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्या गालाकडे बराच वेळ बघितलं. दोन देशांच्या विरुद्ध जाऊन एका सुजलेल्या गालाच्या भरवशावर राजधानीला कळवायचं होतं. उद्या चुकलं तर त्यांची बदली कुठे होईल हे दोघांनाही ठाऊक होतं.

"फार दुखतंय का?" त्यांनी विचारलं. आणि मग, "जा घरी. मी कळवते."

दुसऱ्या दिवशी गृहमंत्री संसदेत इतकं बोलले की सभापतींना हातोडा आपटावा लागला. शनिवारी करारावर सही झाली.

मधल्या बुधवारी तळघरात मौनीबुवाने ठरवून तोंड उघडलं. ती 'तब्येत' आपला मोघम शब्द होता, आपल्याकडे आजाराची कसलीही माहिती नव्हती, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं, असं त्याने स्वच्छ सांगितलं. लंबू म्हणाला, शक्यच नाही, आपल्याला हे वेगळ्या वाटेने कळलं होतं, बेटवाल्याकडून. बेटवाला म्हणाला, आपल्याला लंबूच्या राजदूतांकडून. दोघंही जरा थांबले. त्या थांबण्यातून काही चांगलं निघेल अशी मौनीबुवाला आशा वाटली.

पण बेटवाल्याने पिशवीतून दोन फोटो काढले. एक जुना, एक कालच्या संसदेतला. त्याने आवाज खाली आणला.

"दात बघा," तो म्हणाला. "हा तो माणूसच नाही. तोतया आहे."

लंबू टेबलावर वाकला. त्याने फोटो दिव्याखाली धरले, भिंग मागवलं, आणि आपल्या सूत्रांनाही असाच संशय आहे, असं सांगून लिहून घ्यायला सुरुवात केली. मौनीबुवाने थर्मास पुढे ओढला आणि कॉफी ओतून घेतली. ती दुखऱ्या बाजूला लागू नये म्हणून मान तिरकी करून तो सावकाश पीत राहिला.