खसखशीएवढं कारलं

१९९३ सालची गोष्ट. शीला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या औषध कंपनीत केमिस्ट होती. तिथे कारल्याचा अर्क काढून तो खसखशीएवढ्या गोळ्यांत बंद करायचं काम चाललेलं. वरून जिलेटिनचं पातळ वेष्टन. जिभेला काही कळू नये, सगळा कडूपणा पोटात गेल्यावरच सुटावा, अशी युक्ती.

कल्याणजवळ मोहन्याला तिच्या घरीच सासरे बाबुराव राहत. त्यांना डायबेटीस, आणि कारलं म्हटलं की ते ताटावरून उठत. शीलाने साहेबांना विचारून एक बाटली घरी आणली.

"मामा, एकच चमचा, गार पाण्याबरोबर. चावायचं नाही."

बाबुरावांनी डोळे मिटून गिळलं. मग एक डोळा उघडला, मग दुसरा.

"अगं, काहीच नाही लागलं!"

झालं. रविवारी शीला कल्याणला बाजाराला गेली आणि बाबुरावांनी देवराम आणि गोमाजी या दोन्ही शुगरवाल्या मित्रांना बोलावलं. पाहुण्यांना नुसतं गार पाणी कसं द्यायचं? म्हणून त्यांनी बिनसाखरेचा कडक चहा केला आणि प्रत्येक कपात त्या गोळ्यांचे तीन-तीन चमचे ढवळले.

"यात कारलं आहे, पण कळणार नाही. सायन्स आहे. ज्याची जीभ बिघडलीय त्यालाच कडू लागतं." हे शेवटचं त्यांनी मनाचंच जोडलं.

देवरामने घोट घेतला. त्याचे कान लाल झाले. "छे, काहीच नाही."

गोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तर गोडसर लागला रे."

मग बाबुराव स्वतः प्याले. त्यांच्या मिशा थरथरल्या. "म्हटलं नव्हतं?"

तिघांनीही कप तळापर्यंत संपवले. आधी थांबायची कुणाची हिंमत होईना.

"आणखी घ्या ना," बाबुराव कसेबसे म्हणाले.

"गोमाजीला दे, त्याला आवडलाय."

"नको, देवरामला दे!"

तेवढ्यात शीला आली. तिने अर्धी रिकामी बाटली पाहिली, वाफाळतं पातेलं पाहिलं.

"अहो मामा, गरम चहात घातलंत? जिलेटिन विरघळतं गरमात! कडूजहर नाही लागलं?"

मग गोमाजी उठून मोरीकडे पळाला, त्याच्यामागे देवराम. बाबुराव मानासाठी क्षणभर बसून राहिले, मग तेही धावले. एका नळाखाली तीन म्हातारे एकमेकांना ढकलत चुळा भरत होते.

सोमवारी शीलाने कंपनीत सगळं सांगितलं. साहेब हसून हसून दमले आणि त्यांनी लेबलावर लाल अक्षरांत छापून घेतलं, 'गरम पेयात घालू नये.'

देवराम आणि गोमाजी चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले, पण आपापल्या घरून चहा पिऊन.