सरस्वतीअक्कांचं सकाळचं इन्सुलिन

निवेदिताला नवनगरच्या स्टॉपवर धारवाडहून येणारी चिगरी ही जलद बस मिळाली तेव्हा साडेआठ वाजले होते. लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत तिला नऊला पोचायचं होतं. बसायला जागा मिळाली तसा तिनं फोन काढला आणि ‘सरस्वतीअक्का’ हा ग्रुप उघडला.

तो तिनंच काढला होता. सरस्वतीअक्का तिच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या. मधुमेहानं दोन्ही डोळे गेले तेव्हा निवेदितानं पाच घरांना हाताशी धरलं आणि पाळ्या लावून दिल्या. कुणी डबा द्यायचा, कुणी दवाखान्यात न्यायचं, कुणी सकाळी इन्सुलिन टोचून नाश्ता पुढ्यात ठेवायचा. काम झालं की ग्रुपवर लिहायचं. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं होतं.

आज दोन निरोप होते. पहिला सुमंतचा, आठ वाजून दहा मिनिटांनी आलेला. “अक्कांना इन्सुलिन दिलं.” त्याखाली लीलावहिनींचा, आत्ताचा. “पावणेआठला इन्सुलिन दिलं. फोन चार्जिंगला होता, म्हणून उशिरा लिहितेय.”

निवेदितानं दोन्ही निरोप पुन्हा वाचले. रोजचे वीस आणि वर आणखी वीस, चाळीस युनिट.

अक्कांचा फोन नुसता वाजत राहिला. तिनं सुमंतला लावला. तो धारवाडला ऑफिसात पोचत होता.

“अरे, आज जमणार नाही म्हणाला होतास ना?”

“मीटिंग रद्द झाली, ताई. म्हटलं आपली पाळी कशाला चुकवा. का? काय झालं?”

“तुझ्याऐवजी वहिनींनी आधीच दिलं होतं.”

“पण अक्कांनी बाही वर केली की. काही बोलल्या नाहीत.”

लीलावहिनी अक्कांच्या शेजारीच राहायच्या. त्यांना फोनवरून अक्कांकडे पिटाळून निवेदिता पुढच्या स्टॉपला उतरली. रिक्षात बसल्या बसल्या अक्कांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलली. “शुद्धीवर असतील तर साखरपाणी द्या आणि ताबडतोब घेऊन या,” ते म्हणाले. “हे इन्सुलिन दिवसभर काम करत राहतं. जरा बरं वाटलं म्हणून घरी ठेवू नका.”

शुद्धीवर असतील तर. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा निवेदितानं समोरचा दांडा इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली.

अक्का खुर्चीत होत्या. कपाळ घामानं डबडबलेलं, हात थरथरत होते, इडलीची बशी तशीच. लीलावहिनी रडत रडत साखरपाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावत होत्या. साखर मोजायच्या मशीननं आकडा दाखवला, अठ्ठावन्न. तशाच त्यांना धरून रिक्षात बसवलं.

दवाखान्यात ग्लुकोज लागलं. दर अर्ध्या तासाला नर्स बोट टोचायची आणि निवेदिता आकडा विचारायची. ब्याऐंशी. मग चौसष्ट. मग नव्वद. आकडा खाली आला की तिचा जीव वर यायचा, आणि वर गेला तरी पुढच्या अर्ध्या तासाची धास्ती असायचीच. अक्कांना काही झालं तर तिची व्यवस्थाच त्यांच्या जिवावर उठली, असं झालं असतं.

दुपारी आकडा शंभरावर टिकला. अक्कांनी डाळ-भात खाल्ला. तेव्हा तिनं विचारलं, “अक्का, सुमंत आला तेव्हा एकदा झालंय म्हणून का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, डॉक्टरांनी वाढवलं असेल.”

“तुम्हाला न सांगता?”

“सांगतं कोण गं?” अक्कांच्या आवाजात तक्रार नव्हती. “गुरुवारचा डबा दुसऱ्या घरून यायला लागला, ते मला भाजीच्या चवीवरून कळलं. तुम्ही आपले संसार सोडून येता. मी हे का, ते का विचारत बसले तर उद्या कोण येईल?”

निवेदिताला तोंड वर करवेना. ग्रुपमध्ये सहा जण होते, त्यात अक्का नव्हत्या. दिसत नाही तर वाचणार कशा, असं तिनंच ठरवून टाकलं होतं. बोलून पाठवलेला निरोप त्यांना ऐकता आला असता, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“उद्यापासून तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणी इन्सुलिनला हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

“आणि मी नको म्हटलं तर?”

“तर नाही.”

“सुमंतला राग येईल.”

“येऊ दे.”

अक्का पहिल्यांदाच थोडं हसल्या.

रात्रभर इथंच ठेवायचं, असं डॉक्टर सांगून गेले. लीलावहिनी सकाळपासून दाराशीच उभ्या होत्या. आत यायचा धीर होत नव्हता. सोबतीची पाळी कुणाची, ते ठरवायला निवेदितानं सवयीनं फोन उघडला, आणि बंद केला.

“अक्का, रात्री सोबत कोण हवं?”

अक्कांनी दाराकडे मान वळवली.

“लीलेला राहू दे,” त्या म्हणाल्या. “तिला आज घरी झोप यायची नाही.”