चार क्लिपा

सिमेंटवर डाव्या चाकाचे तेरा काळे ठसे होते, उजव्याचे अकरा. पहिल्या दोन ठशांत बावीस सेंटिमीटर अंतर, शेवटच्या दोहोंत सदुसष्ट. महामायानं टेप गुंडाळला, आकडे वहीत लिहिले. तिनं नुसते लिहिले, एवढ्यानंही तिच्या मोठ्या भावाच्या, धम्मरत्नच्या पोटात दुखलं. ठसे त्यानं चालवलेल्या गाडीचे होते.

धाड गावाबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात, मालकाला विचारून, ही भावंडं तीन दिवस गाडी पळवत होती. जुनी, लांब नाकाची गाडी. भंगारातलं सहा सिलिंडरचं इंजिन धम्मरत्ननं दोन वर्षं खपून तिच्यात बसवलं होतं. त्या खटपटीत अंगठ्याचं नख गेलं, ते परत उगवलं तेही वाकडं. वडील भाऊराव गाडीला रेडा म्हणत. धाड-बुलडाणा जीप त्यांनी पंचवीस वर्षं हाकली होती. रविवारी साठ मीटरची शर्यत होती, आणि एका गाडीला एकच चालक. कोण बसणार ते आज ठरायचं होतं.

धम्मरत्ननं क्लच सोडला की मागची चाकं थडाथडा नाचत. इंजिन ओरडे आणि गाडी पुढं जायची सोडून पाय आपटत बसे. अमरावतीहून एम.एस्सी. होऊन पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या महामायाच्या हाती ती नाचत नसे. चाक थरथरलं की ती पाय जरासा उचलायची, बस. भिंतीवर ठेवलेल्या मोबाईलच्या व्हिडिओतून वेळ मोजली जाई. त्याचे सहा पूर्णांक बेचाळीस सेकंद, तिचे सहा पूर्णांक दहा.

"पाह्य बे, पोरीच्या हाती रेडा कसा गायीवानी चालते," भाऊराव म्हणाले. "तुह्यासंगच काऊन नाचते?"

"म्या घडवलं ना त्याले. लाडात येते."

"मांगं दोन कट्टे सोयाबीन टाक. जीप उडे तवा आम्ही दोन शिटा वाढवत होतो."

"मंग तुम्हीच बसा ना बाबा," महामाया म्हणाली. "दोन कट्ट्याइतके त भरता तुम्ही."

भाऊराव खो खो हसले. धम्मरत्नला हसू आलं नाही. आपल्या विनोदावर बाबा असे कधी हसले होते, ते त्याला आठवेना.

कट्टे टाकले. नाच धिमा झाला, थांबला नाही.

दुपारी बाबा आणि महामाया भाकर खायला सावलीत बसली तेव्हा धम्मरत्ननं महामायाचाच व्हिडिओ संथ करून पाहिला. जोर लागताच मागचा आस पिळला जात होता. कमानीचे, म्हणजे लोखंडी स्प्रिंगचे, पाटे आसाच्या पुढच्या भागात सापासारखे वळत आणि झटक्यानं सरळ होत, की चाक उचलू लागे, आणि तिथंच ती पाय हलका करी. म्हणजे पुढचा अर्धा भाग आवळून टाकायचा. त्यानं पट्टीच्या चार क्लिपा घेतल्या, गाडीखाली शिरला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन कसल्या. कुणाला काही बोलला नाही.

मग तो बसला, क्लच सोडला. रेडा नाचला नाही. पाच पूर्णांक एक्क्याऐंशी.

"वा रे पठ्ठे!" भाऊराव उठून उभे राहिले.

"दादा, काय बदललं?" महामायानं विचारलं.

"पाय. तुह्यावानी हलका केला."

तिची पाळी आली. "थांब, नट पाह्यतो," म्हणत तो सतरा नंबरचा पाना घेऊन खाली गेला आणि चारही क्लिपा सैल करून आला. ती गेली. सहा पूर्णांक शून्य आठ.

"ठरलं," भाऊराव म्हणाले. "रविवारी धम्मा."

महामायानं वहीत त्याच्या आकड्यापुढं लिहिलं : पाय हलका केल्यानं. मग मान वर करून म्हणाली, "माह्याहून तुहा पाय चांगला, दादा." मनापासून म्हणाली.

पंधरा दिवस ज्यासाठी जीव जळत होता ते मिळालं होतं. पण आता वेगळंच सलू लागलं. क्लिपा कसलेल्या असत्या तर हिला किती सेकंद लागले असते? पाच पूर्णांक नव्वद? ऐंशी? कमी? बाबांची थाप पाठीवर पडत होती आणि त्याचं डोकं वजाबाक्या करत होतं. सहा पूर्णांक दहाचा राग येत होता, पण तो आकडा माहीत तरी होता. हा आकडा माहीतच नव्हता, आणि तो महामायाच्या पायात होता.

"माया, उतरू नको."

तो पुन्हा गाडीखाली शिरला.

"आता काय कसून राह्यला?"

"क्लिपा. माह्या वेळी होत्या. तुह्या वेळी म्या सैल केल्या."

"काय बोलून राह्यला बे?" भाऊराव म्हणाले.

तो बाहेर आल्यावर महामायानं वही आणि पेन खिडकीतून त्याच्यापुढं धरलं. "तूच मोज. तूच लिही."

कसलेल्या क्लिपांवर ती गेली. त्यानं व्हिडिओ तीनदा मोजला आणि वहीत लिहिलं : महामाया, साठ मीटर, पाच पूर्णांक त्रेपन्न सेकंद.