नऊ नंबरचा कॅमेरा

"आणखी काही आहे का, काका?" व्हिडिओ पंचबाईंनी विचारलं, आणि रिप्लेच्या बटणांपाशी बसलेल्या काकांची नजर कडेच्या एका छोट्या पडद्यावर गेली.

प्रक्षेपणाच्या व्हॅनबाहेर स्टेडियम नुसतं दणाणत होतं. रग्बीच्या सामन्याचं शेवटचं मिनिट, घरचा संघ चार गुणांनी मागे, आणि काकांचे जावई चेंडू छातीशी धरून सुसाट सुटलेले! जावई म्हणजे रेटारेटीतला गडी, सव्वाशे किलोचा. अकरा वर्षांत नावावर एक ट्राय नाही, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवणं एकदाही जमलेलं नाही. घरी त्यांची मेव्हणी त्यावरून अशी फिरकी घ्यायची की बोलायची सोय नाही. आज त्यांचा शेवटचा सामना. दोघांना लोळवून, तिसऱ्याला पाठीवर घेऊन गडी रेषेपलीकडे कोसळला, तेव्हा काका खुर्चीतून उठून चक्क नाचले. चेंडू जमिनीला टेकला असेल तर पाच गुण आणि सामना खिशात.

सकाळीच काकांनी साहेबांच्या कानावर घातलं होतं, आज जावई खेळतायत, मला बसवू नका. साहेब हसले. निर्णय पंच देतात, तुम्ही नुसती बटणं दाबायची, म्हणाले.

मैदानावरच्या पंचांचं मत ट्राय असंच होतं. पण ढिगाऱ्याखालचं नीट दिसलं नाही म्हणून त्यांनी रिप्ले मागितला होता. उलट पुरावा नसेल तर त्यांचंच मत कायम. चार कॅमेरे पाहून झाले, चारांतही जावयांची भलीमोठी पाठ.

राहिला नऊ नंबर, कोपऱ्यातला, गवताला टेकलेला. चिखलाने बरबटतो म्हणून कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. पण मध्यंतरात काकांनी स्वतः जाऊन सदऱ्याच्या टोकाने त्याची काच पुसली होती. तीस वर्षांची खोड, दुसरं काय! आणि आत्ता त्या छोट्या पडद्यावर त्यांना स्वच्छ दिसत होतं, टेकण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला. जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर.

कशाला पुसली मी ती काच, असं काकांना झालं. एका पडद्यावर प्रेक्षकांत त्यांची लेक दिसत होती, दोन्ही हात तोंडावर धरलेले.

"नऊ नंबर आहे," काका म्हणाले.

ट्राय रद्द झाला. इतकी माणसं एकदम गप्प होतात तेव्हा कसं वाटतं ते काकांना व्हॅनमध्ये बसूनही कळलं.

तासाभराने दारात जावई उभे, चिखलाने माखलेले.

"बाबा, बघू द्या मला."

काकांनी लावलं. जावई पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"सुटलाय," ते म्हणाले. मग, "जरा मागे घ्या ना. मी पळतोय तिथून."

काकांनी मागे घेतलं. एक लोळला, दुसरा लोळला, तिसरा पाठीवर.

"आयला, मी एवढा पळतो?"

"पळता की, जावईबापू."

रेषा एक पाऊल राहिली, चेंडू अजून हातातच होता, तिथे काकांनी चित्र थांबवलं आणि पुन्हा सुरुवातीला नेलं.