खोडापासून लांब

खालच्या पट्टीतल्या निलगिऱ्या पिवळ्या पडल्या आणि दादाने एका वाक्यात निकाल लावला. "ही झाडं उपटायची. नवी लावू."

"एक तोड थांबा," वहिनी म्हणाली. "पुढच्या पाल्याला नीट तेल उतरलं नाही, तर कुदळ मीच आणून देईन."

दादा बरं म्हणाला, पण तोंड वाकडं करूनच. ती झाडं वहिनीने रोपापासून वाढवलेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्या भावाकडे भट्टी. पाला वाफवायचा, वाफ गार करायची, पाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. झाडांच्या भानगडीत पडायचं त्याला काही कारण नव्हतं. पण गप्प बसेल तर तो धाकटा कसला!

"मी तर त्यांना पोटभर खाऊ घातलंय, वहिनी. भट्टीतून निघालेला पाला ताजाताजा नेऊन खोडाशी पुरला. फुकटचं खत!"

वहिनीने फावडं उचललं. "चला भावोजी, कुठे कुठे पुरलाय ते दाखवा."

कच्चा पाला मातीत कुजताना झाडाच्याच तोंडचा घास पळवतो, हे धाकट्याला तिथे, घाम गाळताना वहिनीकडून कळलं. शरमेने त्याची मान वर होईना. वहिनीने पाला उकरून ढीग लावला, मग जुन्या ढिगातलं काळंभोर, मुरलेलं खत आणलं. फांद्यांचा घेर संपतो तिथे तिने गोल, उथळ चर काढला.

"खोडाला का तोंड असतं, भावोजी? खाणारी मुळं इथे लांब. वाढायचं ते इथे."

झाडं हिरवीगार झाली तसा दादाचा हुरूप वाढला. "टाक की अजून खत!" वहिनीने साफ नाही म्हटलं. नुसता पाला माजेल, तेल भरणार नाही. दादा चिडला, बडबडला, पण बाई तसूभर हलली नाही. धाकट्याला वाटलं, एवढी छाती आपल्याला सात जन्मांत व्हायची नाही.

तोडीच्या दिवशी दादा कुदळ घेऊनच भट्टीशी येऊन बसला. थेंब पडू लागले, आणि काचेच्या बरणीत पाण्यावर तेलाचा थर चढत गेला, चांगला बोटभर. वासाने डोळे चुरचुरले. धाकट्याचे जरा जास्तच.

वहिनी पाहायलाही आली नव्हती. ती वरच्या पट्टीत खत पसरत होती. दादा कुदळ खांद्यावर टाकून तिच्याकडे गेला. मागोमाग धाकटा.

"चर कुठे काढू, सांग," दादा म्हणाला.

वहिनीने मानही वर केली नाही. "भावोजींना विचारा. त्यांना सगळं येतं."

धाकटा पुढे झाला आणि खोडापासून लांब, फांद्यांच्या टोकाखाली, टाचेने रेघ ओढू लागला.