शुक्रवारची साखर

गेल्या हिवाळ्यात माझी भाची हिल्ला सारखं पाणी पिऊ लागली, रात्री गादी ओली करू लागली आणि नऊ वर्षांच्या पोरीची गालफडं बसली. आमच्या फिनलंडमध्ये बहुतेक शाळांत मधुमेहाचं एखादं मूल असतंच. तरी माझ्या आईचं, इर्याचं, निदान तयार होतं. "सौना जास्त झाली. घाम गेला की तहान लागणारच." वजनही त्या गरम वाफेच्या खोलीतल्या घामातूनच गेलं म्हणे. शेवटी डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि त्याच दिवशी इन्सुलिन सुरू केलं. आईने हार मानली नाही, फक्त आघाडी बदलली. तेव्हापासून तिने साखरेविरुद्ध युद्ध पुकारलंय.

जुलैत आम्ही तळ्याकाठच्या लाकडी घरात होतो. शुक्रवारी दुपारी माझी बहीण मार्युत, हिल्लाची आई, सामान आणायला गावात गेली. हिल्ला सौनातून बाहेर आली आणि टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली. हात थरथरत होते, चेहरा पांढराफटक. मी नाव विचारलं तर म्हणाली, "होडी."

"तापलीय जरा," बाबा म्हणाले. "तळ्यात उडी मारू दे, उतरेल."

"नको, बुडेल ती. हिचा फोन कुठाय?"

तिच्या दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजतो आणि आकडा फोनवर दिसतो. फोन बाबांनी खणात टाकला होता, सुट्टीत किरकिर नको म्हणून. बाहेर काढला तेव्हा तो कोकलत होता आणि आकडा लाल होता.

"मला वाटलं, तळ्यावर पक्षी ओरडतोय," बाबा म्हणाले.

सौनाच्या उष्णतेने टोचलेलं इन्सुलिन रक्तात भराभर उतरतं आणि साखर घसरते. डॉक्टरांनी हे सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. मी हिल्लाची पिशवी उघडली. रस नाही, ग्लुकोजच्या गोळ्या नाहीत.

"कपाटात आहेत, कुलपात," आई म्हणाली. "साखरेच्या आजारात पोरीजवळ साखर ठेवायची म्हणजे बोक्याला दुधाची राखण."

"आई, तिची साखर खूप खाली गेलीय. आत्ता दिली नाही तर बेशुद्ध पडेल."

"खाली गेलीय? मग आजार बरा होतोय की."

"किल्ली दे."

"गोड शनिवारी. लहानपणी तुम्हा दोघी बहिणींनाही शनिवारीच मिळायचं. आज शुक्रवार आहे. एकदा नियम मोडला की मूल हातचं जातं."

मूल खरोखरच हातचं जात होतं. मी कुऱ्हाड आणायला वळले, तेवढ्यात बाबा उठले, त्यांनी लाकडांच्या राशीमागे हात घातला आणि पत्र्याचा डबा काढला. आत साखरेचे चौकोनी खडे. आईच्या हुकमावरून बाबा कॉफी बिनसाखरेची पितात.

"तौनो, हे कधीपासून?" आईने बाबांना विचारलं.

"आधी पोरीला खाऊ दे. मग भांड."

हिल्लाने खडे कुडुमकुडुम चावले. थोड्या वेळाने आकडा चढला आणि तिचं पहिलं शहाणं वाक्य आलं, "आजोबा, यात मुंग्या आहेत."

शनिवारी कपाटाची किल्ली मार्युतच्या गळ्यात होती. तरी खाऊ वाटण्याचा मान आईने सोडला नाही. हिल्लाची वाटी अर्धीच भरली. "तुझं काल झालंय."

हिल्लाने पोटाला इन्सुलिनचं पेन लावलं आणि वर न बघता म्हणाली, "खाऊ खाल्ला की मला हे टोचावं लागतं, आजी. काल नाही लागलं. म्हणजे तो खाऊ नव्हता. वाटी भर."