टाळूवरचा स्क्रू

भिंगरीच्या आईशी लग्न होऊन त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. नऊ वर्षांची भिंगरी त्याला लग्नाआधीपासून काका म्हणायची, आताही काकाच म्हणायची. त्याची काही तक्रार नव्हती. एरवी घरभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू असे. त्याच्याशी मात्र बोलणं कामापुरतं.

मंगळवारी तो पट्टा बंद पडला. वरचा जबडा अरुंद म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाळूला धातूचं यंत्र बसवलं. मधोमध बारीक स्क्रू. त्याच्या भोकात तारेची चावी घालून रोज संध्याकाळी एकदा पुढून मागे ढकलायची, म्हणजे जबडा हळूहळू रुंदावतो. घरी येताना भिंगरीने ‘साखर’ म्हणून पाहिलं. ‘थाखर’ झालं. मग तिने तोंडच मिटून घेतलं.

पहिल्या संध्याकाळी आई चावी घेऊन बसली. नर्स होती ती, दिवसाला पन्नास जणांना सुया टोचायची. पण लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिचा हात लटपटला. चावी अर्ध्यात अडकली, भिंगरीला उमासा आला. दुसऱ्या दिवशी चावी दिसताच तिने बाथरूममध्ये शिरून आतून कडी घातली.

“तू बघतोस का?” आई दमून म्हणाली.

तो चष्म्याच्या दुकानात दुरुस्तीला बसायचा. तिळाएवढे स्क्रू पिळणं त्याच्या हातचा मळ. पण ते स्क्रू कुणाच्या तोंडात नसायचे. त्याने दार ठोठावलं नाही. “मलाही येत नाही गं,” तो बाहेरूनच म्हणाला. “आधी शिकून येतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात गेला. एक दिवस चुकला तर चालेल, पण दोन फेरे एकदम नकोत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि यंत्र बसवलेला प्लास्टरचा जबडा दिला. संध्याकाळी त्याने तो टेबलावर ठेवून चावी भिंगरीपुढे सरकवली.

“तू फिरव. मी बघतो.”

तिने फिरवली. पुढचं भोक दिसलं की थांबायचं, चावी मागच्या बाजूने काढायची. सात-आठ वेळा केल्यावर तिने त्याला करायला लावलं.

“काका, अथं नाही. थावकाश.”

तो हसला नाही. त्याने सावकाश केलं.

मग ती सोफ्यावर आडवी झाली, डोकं त्याच्या मांडीवर. “मी हात वर केला की थांबायचं.”

“थांबेन.”

तिने दोनदा उगाचच हात वर केला. तो दोन्ही वेळा थांबला. तिसऱ्यांदा चावी पूर्ण फिरली.

“नाक दाबल्याथारखं वाटतंय,” ती डोळे पुसत म्हणाली.

पुढचा आठवडा दही आणि कुस्करलेल्या केळ्यावर निघाला. समोरच्या दोन दातांत फट पडली तेव्हा आई घाबरली. “तथंच होतं. मी विचारलंय,” भिंगरीने तिला सुनावलं. थ-थ करत का होईना, पट्टा पुन्हा सुरू झाला होता. आता त्यात शाळेतली भांडणंही होती, आणि ती काकालाही ऐकावी लागत.

रविवारी भांडी घासताना आईने विचारलं, “मला का नाही जमलं?”

त्याने हातातलं ताट पुसून ठेवलं. “तुला तिचं सगळं दुखतं. मला कमी दुखायचं, म्हणून जमलं असेल.”

“दुखायचं?”

“परवापासून माझाही हात थरथरतोय.”

आईने नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले. “अजून सहा फेरे आहेत,” ती म्हणाली. “आजचा मी करते. तू नुसता जवळ बस.”